पुढची ओळ

३ फेब्रुवारी

आज ही बोलली!

अर्धांगाचा झटका येऊन महिना होत आला. तेव्हापासून हिच्या तोंडून 'हूं' आणि 'ऊं' यापलीकडे काही निघालं नव्हतं. उजवा हात, उजवा पाय निकामी, तोंड जरासं वाकडं. डोळे मात्र पहिल्यासारखेच, सगळं टिपणारे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "शब्द हरवलेत. आशा ठेवा, पण वाट बघत बसू नका." असलं वाक्य माझ्या विद्यार्थ्यानं लिहिलं असतं तर मी खाली तांबडी रेघ मारली असती.

तर सकाळी मी खुर्चीत पेपर वाचत होतो, आणि पलंगावरून स्वच्छ आवाज आला, "सगळं गाव मला प्यालं, मला कोण पाजणार?"

पेपर हातातून गळाला. ही तर तहानलेल्या विहिरीच्या गोष्टीतली ओळ! पण माझ्या पुस्तकात 'सगळ्या गावाची तहान मी भागवली, माझी कोण भागवणार' असं आहे. म्हणजे हा वेगळा पाठ, आणि बहुधा जुना, कारण जास्त रोखठोक. मी कागद आणायला धावलो, लिहून घेतलं, खाली तारीख घातली आणि सवयीनं म्हणालो, "हं. मग?"

तिनं तेच पुन्हा म्हटलं. मी पुन्हा "हं". तिसऱ्यांदा तिचा आवाज चढला तशी लेक स्वयंपाकघरातून आली. आईसाठी बिनपगारी रजा टाकून ती इथं राहिली आहे आणि सध्या तिचाच कारभार चालतो. "अहो बाबा, लिहिताय काय? आई पाणी मागतेय!"

ही दोन पेले घटाघटा प्याली. मी ओशाळलो. पण पाठ नवा आहे, यात शंका नाही.

४ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांच्या म्हणण्यानुसार रोजचं बोलणं डोक्याच्या एका कप्प्यात असतं आणि पाठ असलेल्या गोष्टी, गाणी, पाढे दुसऱ्या. हिचा पहिला कप्पा बंद पडलाय, दुसरा शाबूत आहे. त्यातलं जे जवळचं वाटेल ते ती वापरतेय.

म्हणजे आता हिच्याशी बोलायचं तर गोष्टी माहीत हव्यात. आणि गोष्टी माझ्याइतक्या कुणाला माहीत आहेत? शाळेत मुलांना व्याकरण शिकवण्यात जन्म गेला, पण प्रत्येक रविवार आणि प्रत्येक सुट्टी मी लोककथा गोळा करण्यात घातली. चार पुस्तकं झाली. लोक थट्टेनं 'गोष्टीमास्तर' म्हणायचे, नंतर आदरानं म्हणायला लागले. ही बहुतेक वेळा बरोबर असायचीच. बायकांच्या गोष्टी बायका पुरुषाला सांगत नाहीत, म्हणून ही आत जाऊन बसायची आणि मी बाहेरच्या पायरीवर. परतीच्या बसमध्ये ती मला सगळं सांगायची, मी उतरवून घ्यायचो. तिसरं पुस्तक तर जवळजवळ सगळं तसंच झालं. पुस्तकावर नाव एकच लागतं, आणि तिनंही कधी विषय काढला नाही.

देवानं माझ्या विद्येचा असा उपयोग करायचं ठरवलं असेल तर माझी तक्रार नाही.

९ फेब्रुवारी

युक्ती सापडली. ही जी ओळ म्हणते तिचा अर्थ तिच्यात नसतो, तिच्या पुढच्या ओळीत असतो!

आज पहाटेपासून एकच धोशा, "सातवं दार कुणी उघडं टाकलं?" लेक घरातली सगळी दारं बघून आली. ती रडकुंडीला आली तेव्हा मी म्हटलं, थांब. ही वाऱ्याच्या बायकोची गोष्ट. पुढची ओळ काय? 'नवरा आत आला, आता माझी हाडं गोठणार.' न्हाणीघराची वरची झडप उघडी होती, तिथून वारा सरळ पलंगावर येत होता. झडप लावली, ही गप्प झाली आणि माझ्याकडे बघून हसली, अर्ध्या तोंडानं का होईना.

लेकीला म्हटलं, "बघ, बाप अगदीच टाकाऊ नाही." ती म्हणाली, "नाही हो बाबा. पण आईचे हात गार पडले होते, ते हात लावून पण कळलं असतं."

१२ फेब्रुवारी

व्यायाम करून घ्यायला एक तरुण येतो. आज त्यानं हिचा खांदा जरा जोरात फिरवला तशी ही गरजली, "हळू रे न्हाव्या, ही आयाळ माझी आहे!" सिंहाची हजामत करणाऱ्या न्हाव्याची गोष्ट. मी हसून हसून बेजार. तो पोरगाही हसला आणि म्हणाला, "काकू, आजपासून मी न्हावीच." आम्ही त्याला आता न्हावीच म्हणतो.

तो गेल्यावर हिच्या डोळ्यांच्या कडा ओल्या दिसल्या. दुखलं असणार. ते माझ्या लक्षात उशिरा आलं.

१७ फेब्रुवारी

लिहू नये असं वाटतं, पण लिहितो.

दुपारी लेक औषधं आणायला गेली होती. ही म्हणाली, "मुंगीताई, मला उठव ना, डोंगर खचायला आलाय." मुंगी आणि हत्तीण. या गोष्टीचे माझ्याकडे तीन पाठ आहेत. एकात मुंगी नाही म्हणते, एकात गावभर मदत मागत फिरते, एकात हत्तिणीच्या कानात गाणं म्हणते. पुढची ओळ कुठली धरायची? मी कपाटातून पुस्तक काढलं, चष्मा शोधला, पानं उलटली. तोवर अंथरूण ओलं झालं होतं.

माझ्याच्यानं तिला उचलवेना. एका कुशीवर वळवलं तर ती पुन्हा तशीच कलंडली. चादर निम्मी निघाली, निम्मी अंगाखाली अडकली. समोरच्या शिंप्याला हाक मारायला दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो, कारण हिनं मान जोरजोरात हलवली. मग लेक येईपर्यंत आम्ही दोघं तसेच. ती भिंतीकडे बघत होती, मी छताकडे. एवढं वय झालं, एवढी माणसं मला मान देतात, आणि बायकोची चादर मला बदलता येत नाही.

२२ फेब्रुवारी

विशेष काही नाही. चहा करायला शिकतोय. माझा चहा हिनं थुंकला. न्हावी म्हणतो, बोटांत हालचाल आहे.

६ मार्च

आज दिवसभरात ओळी कमी आल्या. ही मधूनच तोंड उघडते, ओठ हलतात, काहीतरी जुळवल्यासारखं करते आणि सोडून देते. लेक म्हणते, सुधारणा आहे. मला भीती वाटते की दुसरा कप्पाही रिकामा होत चाललाय.

११ मार्च

आज एक नवीनच ओळ.

संध्याकाळी मी पलंगाशेजारी जुनी टिपणं लावत बसलो होतो. ही बराच वेळ माझ्याकडे टक लावून होती. मग हळूहळू, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखी म्हणाली, "पुष्कळ गावं हिंडलात. आता घरी या ना."

कुठली गोष्ट ही? विचार करकरून डोकं शिणलं. माझ्या चारही पुस्तकांत नाही. प्रवासाहून परतणाऱ्या नवऱ्याची कथा असणार हे उघड आहे. पण आपल्याकडच्या गोष्टींत बायको नवऱ्याला 'अहो-जाहो' करत नाही, 'राजा, तू' म्हणते, आणि इथं 'हिंडलात' आहे. तेव्हा मूळ बरंच निराळं असलं पाहिजे. मी पहिल्यांदा म्हटलं, "अगं, मी घरीच आहे." मग लक्षात आलं, हे मला नाही, गोष्टीतल्या माणसाला आहे.

नियम म्हणजे नियम. सांगणाऱ्याला मधे अडवायचं नाही, अर्थ विचारायचा नाही, नुसता हुंकार द्यायचा. मी म्हणालो, "हं. मग?"

तिनं पुन्हा तेच म्हटलं. मी पुन्हा, "मग?"

ती रडायला लागली. गोष्ट करुण असावी.

१२ मार्च

पुन्हा तेच. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. "पुष्कळ गावं हिंडलात." मी डावा हात धरून विचारलं, "पुढची ओळ सांग. एवढी एकच सांग." तिनं हात सोडवून घेतला.

काहीतरी हवंय तिला. एवढ्या आर्जवानं तिनं पाणीही मागितलं नव्हतं. कुठं दुखतंय का? कुणाला भेटायचंय? हे पुढच्या ओळीत आहे आणि ती ओळ माझ्याकडे नाही. हजारावर गोष्टी गोळा केल्या आणि नेमकी हवी ती सुटली! असं लाचार मला कधी वाटलं नव्हतं, आईबाप गेले तेव्हाही नाही.

१३ मार्च

आठवलं! पलीकडच्या खोऱ्यातली विणणारी म्हातारी. लोकरीचं विणता विणता गोष्टी सांगायची. मला तिनं दारातही उभं केलं नव्हतं, ही मात्र तिच्याकडे तीन दिवस राहिली होती. परतताना बसमध्ये हिनं मला सगळ्या सांगितल्या, पण शेवटी म्हणाली होती, "एक राहिली. ती नंतर सांगेन." मीही विसरलो, तीही विसरली. तीच ही गोष्ट, दुसरी कुठली असणार? चौकशी केली, म्हातारी अजून आहे.

उद्या निघतो. लेकीला सांगितलं तर ती चिडलीच. "बाबा, आत्ता? आईला सोडून?"

"तिच्यासाठीच चाललोय ना."

"तुम्ही समोर बसलात की ती शांत असते. उठलात की तेच म्हणायला लागते. तुम्हाला दिसत नाही का? काखेत कळसा..."

"म्हणी मला शिकवू नकोस," मी म्हणालो. जरा जोरातच बोललो. नंतर वाईट वाटलं. थकलीय बिचारी. रजा संपत आली आहे, तिचंही डोकं ठिकाणावर नाही.

१४ मार्च

दोन बस बदलून पोचलो. निघताना हिला सांगितलं, "येतोच. तुझी ओळ घेऊन येतो." तिनं उजव्या हातानं माझ्या सदऱ्याची बाही धरली. चांगली घट्ट धरली होती. न्हावी म्हणतो ते खरं, हातात जोर आलाय. बोटं एकेक करून सोडवावी लागली. बसमध्ये बसल्यावरही बाहीवरची चुरगळ दिसत होती.

म्हातारीला आता कमी ऐकू येतं, पण बोटं सुयांवर तशीच धावतात. आज मला आत घेतलं. वयानं मी बाईमाणसात जमा झालो असेन. पहिला प्रश्न, "ती कुठाय?" आजाराचं सांगितलं. म्हातारीनं विणणं थांबवलं. मी ओळ म्हणून दाखवली. तिला ऐकू गेली नाही. ओरडून म्हणावी लागली. रस्त्यावरची माणसं बघायला लागली.

"ही तुमची गोष्ट आहे का?" मी विचारलं.

"कुणाची पण असेल," म्हातारी म्हणाली. "तुम्हाला पाहिजे तर सांगते."

दीड तास सांगत होती. व्यापारी गावोगाव फिरतो, बायको दारात दिवा लावून म्हणते, पुष्कळ गावं हिंडलात. पुढची ओळ अशी: 'दिव्यात तेल माझं, वात माझी, उजेड तुमच्या वाटेवर.' क्या बात है! अंगावर काटा आला. अर्थ थोडाफार लागतोय. बहुधा खोलीतला दिवा डोळ्यांवर येत असावा. परत गेलो की आधी दिव्याची जागा बदलतो.

१५ मार्च

आज निघणार होतो. पण म्हातारीच्या नणंदेला हीच गोष्ट वेगळ्या शेवटासह येते असं कळलं. ती वरच्या वस्तीत राहते. एवढ्या लांब आलोय तर एक दिवसानं काय बिघडतंय? फोनचा चार्जर घरीच राहिला, फोन कालच मेला. खरं सांगायचं तर बरं वाटलं. खूप दिवसांनी पायरीवर बसून चहा प्यालो, मांडीवर कागद, समोर डोंगर. ही बरोबर असती तर म्हणाली असती, "झालं का तुमचं, निघायचं का?"

नणंदेला काही गोष्ट येत नव्हती. तिला वाटलं मी जनगणनेचा माणूस आहे.

१६ मार्च

घराला कुलूप. समोरचा शिंपी तोंडात टाचण्या धरून बाहेर आला, टाचण्या हातात घेतल्या आणि म्हणाला, "मास्तर, काल दुपारी नेलं त्यांना. किती फोन केले तुम्हाला."

दवाखान्यात ही डोळे उघडे ठेवून पडली आहे. दुसरा झटका, या वेळी दुसऱ्या बाजूला. डॉक्टरीणबाईंनी या खेपेला आशा ठेवा असंही म्हटलं नाही. मी स्टुलावर बसून कानाशी ओळ म्हटली, मग पुढची म्हटली, मग पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगितली. ही हूं नाही की चूं नाही. लेक उठून बाहेर गेली.

१९ मार्च

लेक तीन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होती. आज दवाखान्याच्या जिन्यात मीच विचारलं, "रागावलीयेस?"

ती म्हणाली, "नाही. सांगू की नको, ते ठरवत होते."

मग सांगितलं. मी निघालो त्याच दुपारी तिनं आईला चहा दिला. आईनं घोट घेतला आणि म्हणाली, "साखर कमी आहे." लेकीला वाटलं ही पण गोष्टच. मग म्हणाली, "पडदा मळलाय. धुवायला टाक." अडखळत, शब्द शोधत, पण स्वतःचं. संध्याकाळपर्यंत बोलत होती. लेकीचे केस किती गळतात, न्हावी मुलगा चांगला आहे, शिंप्याची आई कशी आहे. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, असं होतं, दोनचार दिवसांपासून येतच असेल, तुमच्या लक्षात आलं नसेल.

"आणि तुम्हाला विचारत होती," लेक म्हणाली. "हे कुठं गेले? मी सांगितलं, तुझ्या गोष्टीची पुढची ओळ शोधायला गेलेत. तर म्हणते कशी, 'कसली गोष्ट?'"

ती एक पायरी उतरून माझ्या शेजारी आली.

"मी म्हटलं, अगं, ते 'पुष्कळ गावं हिंडलात' म्हणत होतीस ती. तर हसली, बाबा. खरंच हसली. म्हणाली, 'अगं, ते मी यांनाच म्हणत होते.'"

जिन्यातून माणसं वरखाली करत होती. आम्ही त्यांना वाट देण्यासाठी कठड्याला चिकटून उभे होतो. लेकीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मला तो नको होता. तिनं मला बोल लावला असता तर बरं झालं असतं.

"रात्रभर उशीला टेकून बसून राहिली," ती म्हणाली. "आडवं व्हायला तयार नव्हती. म्हणे, येतील एवढ्यात."

२० मार्च

ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी काय म्हणालो, ते वर लिहिलेलंच आहे. पुन्हा लिहीत नाही.

२३ मार्च

लेक कामावर रुजू झाली. दिवसभर मीच असतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, "त्यांना ऐकू येत असेल. तुम्ही बोलत राहा. गोष्टी नकोत, साधं बोला, घरातल्यासारखं."

सकाळपासून प्रयत्न केला. तोंड उघडलं की राजा येतो, वाघ येतो, व्यापारी येतो. ते गिळून टाकले की मागं काही उरतच नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात आम्ही घरातल्यासारखं काय बोलायचो, ते आठवून बघितलं. बोलायची ती. मी हुंकार द्यायचो.

शेवटी म्हणालो, "बाहेर ऊन पडलंय."

ती छताकडेच बघत होती. मी खुर्ची जवळ ओढली. दुसरं वाक्य सुचत नव्हतं. परिचारिका येऊन म्हणाली, भेटायची वेळ संपली, आता उठा. मी तिला म्हणालो, "पाच मिनिटं द्या, माझं बोलणं चाललंय."